बैलाचा स्वभाव फोनला कळतो का?

आज आपण जाणार आहोत गोंदिया जिल्ह्यातल्या एका बैलबाजारात.

मी आमगाव तालुक्यातला. बीटेक केलं, आता पुण्यात कोड लिहितो. मागच्या वर्षी रोवणीच्या आधी काकांना चिखलणीसाठी बैल घ्यायचा होता. मी तेव्हा एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. डोळ्याचा फोटो काढायचा आणि त्यात पांढरं किती टक्के दिसतं ते मोजायचं. पांढरं जास्त, म्हणजे बैल मारका. परदेशात मांसासाठी जनावरं पाळतात, तिथे शांत जनावराचं वजन चांगलं वाढतं म्हणून स्वभाव मोजतात. आपल्याकडे २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. आपला प्रश्न साधा: हा अंगावर तर येणार नाही ना?

दोन बैल पसंत पडले. एकाचे डोळे पांढरेफट्ट. मी म्हटलं, "काका, हा नको." त्यांनी ऐकलं. दुसरा घेतला. तिसऱ्या दिवशी बांधीत त्याने काकांना शिंग मारलं, बरगडी मोडली. आणि तो "मारका"? शेजाऱ्यांनी नेला. त्यांची पोरं त्याला तळ्यावर घेऊन जातात.

काका खाटेवरून म्हणाले, "बाबू, तुह्या फोननं बैल पायला, का बाजार पायला?"

मग मी मूळ संशोधन नीट वाचलं (हे आधी करायला हवं होतं, माहितीये). २००२ मध्ये नॉर्वेत उपाशी गायींना चारा दिसेल पण खाता येणार नाही असं ठेवलं, तर डोळ्यातलं पांढरं वाढलं. चारा दिल्यावर कमी झालं. म्हणजे मी त्या बैलाची तहान-भूक आणि गाडीतला प्रवास मोजत होतो! थर्मल कॅमेऱ्यानेही तेच. डोळ्याचं तापमान ताणाने बदलतं, तसंच उन्हानेही.

भोवरा मात्र बाजारात बदलत नाही. आपली म्हातारी माणसं शुभ-अशुभ म्हणून भोवरा बघतात, ते सोडा. पण अमेरिकेत टेम्पल ग्रँडिन यांनी १९९५ मध्ये १,५०० जनावरं पाहिली. कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर असलेली जनावरं अडकवल्यावर जास्त धडपडत होती. हा सरासरीचा कल आहे हं, एकेका बैलाची गॅरंटी नाही.

आता मी बाजारात फोन काढत नाही. गोठ्यात, रोज त्याच वेळी, पाणी पाजल्यावर व्हिडिओ घेतो. दावं सोडल्यावर बैल किती वेगाने बाहेर पडतो तेही मोजतो. ऑस्ट्रेलियात ही पद्धत १९८०च्या दशकापासून आहे. सध्या चार बैल झालेत. काकांचा बैल पाचवा, पण त्याच्याजवळ जायला काकू अजून मला देत नाहीत.