पिकाचे अदृश्य सोबती
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तिचा मान ठेवून मी आपणांपुढे उभा आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. माझे आयुष्य खडू आणि फळा यांच्या संगतीत गेले. परंतु आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबांची भाकरी अद्याप कोरडवाहू शेतीवर अवलंबून आहे, आणि पेरणी झाल्यावर पाऊस दडी मारून बसला म्हणजे त्या घरांत कोणती चिंता पसरते, हे आपणांस सांगावयास नको. दुबार पेरणीचे बियाणे बहुधा उसनवारीनेच येते. अशा संकटात मातीतील सूक्ष्म जीवांची मदत पिकाला मिळवून देता येईल काय, याचा शोध आज जगभर चालू आहे. ही मदत खरी किती, ती कोणत्या अटींवर मिळते, आणि तिच्या नावाने बाजारात मिळणारी बाटली घेताना आपण कोणती सावधगिरी बाळगावी, एवढाच माझ्या भाषणाचा विषय आहे.

जंतू हा शब्द निघाला की आपणांस रोग आठवतो. परंतु दुधाचे दही करणारा जंतूच आहे, आणि शेणाचे खत करणाराही जंतूच आहे. वनस्पती व सूक्ष्म जीव यांची मैत्री तर फार पुरातन आहे. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी या गावी सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे दगडात रूपांतर झालेले अवशेष सापडले आहेत. त्या वनस्पतींच्या पेशींतही बुरशीचे तंतू वस्तीला असल्याचे दिसून आले. मुळे व बुरशी यांच्या या सहवासाला १८८५ साली जर्मनीतील फ्रांक या वनस्पतिशास्त्रज्ञाने नाव दिले. पुढे १८८८ साली हॉलंडमधील बायेरिंक यांनी द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींतून नत्र पुरविणारा जिवाणू वेगळा काढून दाखविला. भुईमूग किंवा हरभरा उपटल्यावर मुळांवर ज्या गाठी दिसतात, त्या अशा जिवाणूंच्याच वसाहती होत.

ही मैत्री केवळ अन्नापुरतीच आहे, असे पुष्कळ काळ मानले जात होते. पण उन्हातान्हात टिकून राहण्याचे बळही तिच्यातून येऊ शकते, याचा एक उत्तम पुरावा अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात मिळाला. तेथे भूगर्भातील उष्णतेमुळे जमीन तापलेली असते, आणि तरीही त्या जमिनीत एक प्रकारचे गवत उगवते. रेजिना रेडमन, रसेल रॉड्रिग्ज व त्यांचे सहकारी यांना त्या गवतात एक बुरशी राहत असल्याचे आढळले. त्यांनी काही रोपे बुरशीसह व काही बुरशीविरहित वाढविली आणि दोहोंच्या मुळांना सारखीच उष्णता दिली. सतत ५० अंश सेल्सियस उष्णतेत ३ दिवस ठेवल्यावर बुरशीविरहित रोपे सुकून पिवळी पडली, पण बुरशी असलेली तगली. मधून मधून ६५ अंशांपर्यंत उष्णता देत १० दिवस काढले, तेव्हा बुरशीविरहित रोपे सर्वच्या सर्व मेली आणि सोबती असलेली वाचली. हा शोध २००२ साली प्रसिद्ध झाला.

याहून मोठे नवल २००७ साली उघडकीस आले. त्या बुरशीच्या पोटात एक विषाणू राहतो. तो काढून टाकला की बुरशी गवताला वाचवू शकत नाही, आणि तो परत दिला की तिची शक्ती परत येते. म्हणजे गवताच्या आधाराला बुरशी आणि बुरशीच्या आधाराला विषाणू! तिघांनी मिळून जे साधते, ते एकट्यादुकट्याला साधत नाही. हीच विषाणूसहित बुरशी टोमॅटोच्या रोपांना दिली असता त्यांनाही उष्णता सोसण्याचे बळ आल्याचे दिसून आले.

आता आपल्या देशातील उदाहरण पाहू. हैदराबाद येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी निमकोरड्या प्रदेशातील तुरीच्या मुळांजवळच्या मातीतून उष्णता सोसणारा एक जिवाणू निवडला व तो ज्वारीच्या रोपांना दिला. फार तापलेल्या हवेत जिवाणू न दिलेली रोपे पाचव्या दिवशीच मेली, परंतु जिवाणू दिलेली १५ दिवसांपर्यंत जगली. हे २००९ साली प्रसिद्ध झाले. तूर आणि ज्वारी ही तर आपल्या घरची पिके! माळरानावर इतर झाडे होरपळली असता तरवड हिरवा कसा राहतो, असे आपण सहज म्हणतो. अशा चिवट वनस्पतींच्या मुळांशी कोण राहते, हा प्रश्न शास्त्रज्ञ विचारतात आणि तेथून आपला शोध सुरू करतात.

हे सूक्ष्म जीव नेमके करतात तरी काय? काही जिवाणू मुळांभोवती बुळबुळीत द्रव्याचे आवरण तयार करतात. ते मातीचे कण एकत्र बांधून ओल धरून ठेवते. मुळे जेथे शिरू शकत नाहीत अशा बारीक छिद्रांत बुरशीचे तंतू शिरतात आणि तेथून स्फुरद व पाणी आणतात. तिसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. केळी पिकविणारा इथिलीन नावाचा वायू संकटकाळी वनस्पती स्वतःच्या अंगातही निर्माण करते. तो फार झाला की मुळांची वाढ खुंटते. हा वायू ज्या द्रव्यापासून होतो तेच काही जिवाणू खाऊन टाकतात, आणि मूळ पुन्हा ओलीच्या शोधात वाढू लागते. कॅनडातील बर्नार्ड ग्लिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली ही उपपत्ती मांडली.

वनस्पतीही या उपकारांची परतफेड करते. पाने उन्हात जी साखर तयार करतात, तिच्यातील काही भाग मुळांवाटे या सोबत्यांना मिळतो. हा देण्याघेण्याचा उघड व्यवहार आहे.

मंडळी, येथवर ऐकून कोणास वाटेल की दुकानातून एक बाटली आणली की दुष्काळ टळला. म्हणून पुढील गोष्ट मी मुद्दाम आग्रहाने सांगतो. कुंडीत मिळालेले यश शेतात मिळेलच असे नाही. कुंडीतील माती बहुधा निर्जंतुक केलेली असते. शेतातील मातीत मात्र असंख्य जीव आधीच ठाण मांडून बसलेले असतात, आणि पाहुण्याला त्यांच्यात जागा मिळवावी लागते. शेतातील यशाची उदाहरणे आहेत. सौदी अरेबियातील वाळवंटी वनस्पतीच्या मुळांतून काढलेल्या एका जिवाणूमुळे खाऱ्या पाण्यावरील लसूणघासाचे उत्पन्न शेतातही वाढल्याचे २०१८ साली नोंदविले गेले. परंतु एका मातीतला, एका पिकावरचा गुण सर्वत्र येईल, असे कोणीही प्रामाणिक शास्त्रज्ञ म्हणत नाही. शिवाय पाऊसच मुळी झाला नाही, तर कोणताही जिवाणू पाणी निर्माण करीत नाही. तो पिकाला आणखी काही दिवस तग धरावयास मदत करील, एवढेच. अर्थात, कधी कधी तेवढे दिवसही एका हंगामाला पुरतात.

दुसरी गोष्ट अशी की, या सोबत्यांना मातीत सेंद्रिय अन्न लागते. उसाचे पाचट जाळावयाचे, कपाशीच्या पऱ्हाट्या जाळावयाच्या, शेणखताचे नाव काढावयाचे नाही, आणि मग त्या उपाशी मातीत विकतचे जिवाणू सोडावयाचे, हे पाहुण्याला जेवावयास बोलावून चूल विझविण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट खरेदीची. जैविक खते २००६ सालापासून खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आलेली आहेत. त्या आदेशाखाली ठरलेल्या प्रमाणानुसार नत्र, स्फुरद पुरविणाऱ्या जिवाणूंच्या द्रवरूप खताच्या दर मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी, आणि भुकटीच्या दर ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असावयास हवेत. म्हणून वेष्टनावर जिवाणूचे नाव, संख्या, पीक व मुदत वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि पावती अवश्य घ्यावी. जिवाणू जिवंत असतात, म्हणून बाटली उन्हात ठेवू नये. बियाण्याला बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी लावावे, जिवाणू शेवटी चोळावेत, बियाणे सावलीत सुकवावे व लगेच पेरावे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. यलोस्टोनच्या शास्त्रज्ञांनी जे केले, ते आपल्या शेतातही करता येते. त्यांनी सोबती असलेले व नसलेले रोप शेजारी शेजारी ठेवले आणि पाहिले. आपणही शेताचा एक पट्टा जिवाणू न लावता पेरावा. बी, खत, पाणी, पेरणीचा दिवस सर्व सारखे ठेवावे. सुगीला दोन्ही पट्ट्यांचे धान्य निरनिराळे मोजावे, आणि वहीत लिहून ठेवावे. एकाच वर्षावरून निर्णय करू नये. दोन-तीन हंगामांची अशी वही जवळ असली, म्हणजे विक्रेत्याच्या गोड बोलण्याने भुलण्याची वेळ येणार नाही, आणि खऱ्या गुणाच्या वस्तूला आपण नाकारणारही नाही. हे काम घरातील शाळकरी मुलामुलींवर सोपवावे. मोजमाप त्यांना आवडते, आणि वडीलधाऱ्यांच्या हिशेबातील चूक दाखविणे तर त्यांना फारच आवडते!

बारामतीजवळ माळेगाव येथे २००९ साली अवर्षण, उष्णता, क्षार अशा संकटांचा अभ्यास करण्यासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आहे. आज आपल्या मंडळाच्या बक्षीससमारंभात ज्या विद्यार्थ्यांचा गौरव झाला, त्यांच्यापैकी एखाद्याने किंवा एखादीने मृदाशास्त्राची वाट धरावी, असे मला मनापासून वाटते. गावची माती ओळखणारे मूल शास्त्रज्ञ झाले, तर ते कोणते प्रश्न विचारावेत हे घरूनच शिकून आलेले असेल.

पीक एकट्याच्या बळावर उभे राहत नाही. त्याच्या पायाशी असंख्य सोबती आहेत, आणि त्यांची काळजी वाहणे आपल्या हाती आहे. पाचट जाळण्यासाठी काडी ओढण्यापूर्वी त्यांची आठवण व्हावी, एवढीच माझी विनंती आहे.