संगणकांचे जाळे आणि आपल्या मुली
(मंडळाच्या वर्धापनदिनी उमरोळी येथे केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठ्या विद्येवर बोलायला मी उभी राहिले, याचे कुणाला हसूही येईल. पण माझ्या लेकीने बारावीनंतर दूरसंचार आणि संगणकांचे जाळे शिकायचे म्हटले, तेव्हा घरात दोन तट पडले. सासूबाई म्हणाल्या, "तारा जोडायला पोरीला मुंबईला कशाला धाडायची?" त्यांचे समाधान करायचे तर आधी मला समजायला हवे. म्हणून लेकीला समोर बसवून जे विचारून घेतले, ते आपल्या शब्दांत सांगते.

समजा, आपले वऱ्हाड उमरोळीहून दादरला निघाले. शंभर माणसे एका डब्यात मावत नाहीत. कोणी विरारवरून गाडीने जातात, कोणी मनोरवरून हमरस्त्याने. प्रत्येकाजवळ मांडवाचा पत्ता आणि आपला क्रमांक आहे. मांडवात मोजणी होते, आणि कोणी आले नसेल तर मागे निरोप जातो. संगणकही मजकुराचे असेच तुकडे करून पाठवतात. फरक एवढाच, की हरवलेल्या तुकड्याची नक्कल पुन्हा धाडता येते. हरवलेला मामा काही दुसरा धाडता येत नाही!

नाक्यानाक्यावर वाट दाखवणारे यंत्र असते, त्याला राउटर म्हणतात. वाट ठरवणे, चोरापासून मजकूर जपणे, बिघाड हुडकणे हे सारे या शिक्षणात येते. तारा जोडणे हा त्यातला लहानसा भाग.

ही विद्या फार जुनी नाही. १९६९ च्या ऑक्टोबरात आपल्या शेजारचे तारापूरचे अणुवीज केंद्र रीतसर सुरू झाले. त्याच महिन्यात अमेरिकेत अशा जाळ्यावरून एका संगणकाचा पहिला निरोप दुसऱ्याला गेला. आपल्या देशात इंटरनेट सर्वांसाठी खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

हे पुरुषांचेच काम, असेही नव्हे. जाळ्यात वाटा अनेक असल्या की मजकूर गोल गोल फिरत राही. रेडिया पर्लमन या अमेरिकन बाईंनी १९८५ साली त्यावर नियम शोधला. झाडाच्या फांद्यांसारखी एकेकच वाट चालू ठेवायची, बाकीच्या राखून ठेवायच्या, आणि चालू वाट तुटली की राखलेली उघडायची. घर चालवणाऱ्या बाईला ही युक्ती पटकन पटेल.

कर्व्यांनी १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. त्याच विद्यापीठाने १९९७ साली सांताक्रूझला मुलींसाठी अभियांत्रिकीचे महाविद्यालय सुरू केले. प्रवेशाला राज्याची सीईटी द्यावी लागते. आपल्या पालघर-बोईसर भागातही आता अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. खर्चाचे म्हणाल, तर २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गातल्या मुलींना मोठी सवलत मिळाली. घरचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश शासनाच्या केंद्रीय पद्धतीने घेतला असेल, तर शिक्षण व परीक्षा शुल्क शासन भरते. आदिवासी मुलींना शिष्यवृत्त्या वेगळ्या आहेत. शुल्काच्या भीतीने कोणी अर्जच भरला नाही, असे होऊ नये.

राहिला प्रश्न प्रवासाचा. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत येते, म्हणून मुली घरी राहून शिकू शकतात. पण घोर गाडीचा नाही, रात्री स्टेशनावरून घरापर्यंतच्या अंधाराचा आहे. आमच्या घरी गाडे अडले ते नेमके तिथेच. यजमान म्हणाले, "रोज मी कसा जाऊ?" तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "तुमच्या मंडळात एवढ्या बायका आहेत, त्या काय करतात?"

भगिनींनो, तोच प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवते. शिकणाऱ्या मुली उतरतात त्या संध्याकाळच्या गाडीला आपण दोघी-दोघींनी पाळीपाळीने जावे. सोमवारची पाळी माझी. उरलेल्या वारांना नावे हवीत.