ताटाची डावी बाजू

मित्रमैत्रिणींनो, आईवडिलांची आजारपणं आता आपल्या सगळ्यांच्याच घरी आहेत, म्हणून हा विषय. (डॉक्टर झालेल्यांनी दोन मिनिटं गप्प बसावं!) मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक आला की काहींचं डावीकडे लक्षच जात नाही. डोळे ठणठणीत, पण ताटातली चटणी-कोशिंबीर तशीच राहते.

१९७८ साली बिझियाक आणि लुत्झाती यांनी मिलानमधल्या अशा दोन रुग्णांना तिथला कॅथेड्रलसमोरचा चौक आठवून सांगायला लावला. कॅथेड्रलकडे तोंड आहे असं समजून सांगताना बहुतेक उजवीकडच्याच इमारती आल्या. मग पाठ आहे असं समजायला सांगितलं, तर आधी गाळलेल्या इमारती आल्या! आम्हा संगणकवाल्यांच्या भाषेत डेटा शाबूत, वाचणारा अर्धाच वाचतो.

तेव्हा 'मुद्दाम करतात' म्हणून रागावू नका. ताट फिरवून द्या.