थिबाची समाधी आणि आपली माणसं

शिवाजीनगरातली थिबा राजाची समाधी आपल्या रोजच्या पाहण्यातली. ब्रह्मदेशाचा हा पदच्युत राजा डिसेंबर १९१६ मध्ये इथं रत्नागिरीतच वारला. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्या समाधीपाशी येऊन गेले. शहाण्णव वर्षांनी का होईना, माणसं आपला माणूस शोधत आली.

आता थिबा वारला तेच १९१६ साल धरून दुसरीकडे पाहू. २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, पहिल्या महायुद्धातल्या कूतच्या वेढ्यात अडकलेली इंग्रजांची फौज शरण गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या आणि त्या पलटणींत आपल्या कोकणातली पोरं होती. मेसोपोटेमियात ज्यांच्या कबरींचा पत्ता नाही, अशा चाळीस हजारांवर मृतांसाठी बसऱ्याला स्मारक बांधलं. गोऱ्या शिपायाचं तिथं नाव कोरलं. आपल्या साध्या शिपायांचा मात्र पलटणवार आकडा!

इंग्रजाला बोल लावाच. पण आपल्याकडच्या कित्येक गावांत बसवलेले संगमरवरी दगडही आठवा. या गावातून महायुद्धाला इतके गेले, पैकी इतके मेले. तिथंही आकडाच. दगड सरकारनं बसवला, कबूल. खाली नावं लिहायला आपला हात कोणी धरला होता?

नाव राहिलं तर काय होतं, ते यशवंत घाडगे यांच्याकडे पाहून कळतं. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले सगळे मेले किंवा जखमी झाले. उभे राहिले ते एकटे. तसेच ते गनवर धावून गेले. हातबॉम्बनं गन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्यानं उरलेल्या दोघांना लोळवलं. जिंकलेल्या त्याच जागेवर शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस पत्नीच्या हाती आला, देह नाही आला. त्यांची ज्ञात कबर नाही. कासिनोच्या युद्ध दफनभूमीतल्या स्मारकावर नाव आहे, एवढंच.

आपल्यात दहनाची रीत, म्हणून इटलीत फोर्लीसारख्या ठिकाणी दहन झालेल्यांसाठी वेगळी स्मारकं आहेत. तिथं नावं आहेत. २०२३ साली मोंतोने या इटालियन गावात घाडग्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभं राहिलं. पळसगाव त्या लोकांनी कुठं पाहिलंय?

राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या नोंदींत आपल्या शिपायांची नावं आहेत. पुष्कळांपुढे बापाचं किंवा बायकोचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा रत्नागिरी असंही आहे. रोमन लिपीत आपल्या गावांची अशी काही मोडतोड झाली आहे, की ती इथल्याच माणसाला ओळखू यावीत. पहिल्या महायुद्धातल्या मृतांच्या घरी नाव कोरलेली, बशीएवढी ब्राँझची चकती पाठवत. पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत ती असेल, पेन्शनचा एखादा कागद असेल. भंगारात घालण्याआधी वाचा, आणि त्यावरचं नाव गावच्या त्या दगडाखाली मराठीत लिहून घ्या.