खर्ज हवा, बहिरेपण नको



कामगार चळवळीतला मनुष्य व्याख्यानास उभा राहिला की तो महागाईभत्त्यावर बोलणार, अशी आपली समजूत असते; आणि बहुधा ती खरीही ठरते. आज मात्र आम्ही हेडफोनमधल्या खर्जाविषयी बोलणार आहोत. विषय कळवला तेव्हा व्याख्यानमालेच्या चिटणीसांनीही आमच्याकडे जरा संशयाने पाहिले. पण या विषयाशी आमचा संबंध शौकाचा नाही, कानाचा आहे.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सारे वाचनालयात. अठराव्या वर्षी आम्ही इचलकरंजीत यंत्रमागावर उभे राहिलो आणि बारा वर्षे तेथे काढली. माग चालू असलेल्या शेडमधला आवाज सामान्यतः नव्वद डेसिबलच्या वरच असतो. शेजारच्या माणसाशी आम्ही ओठांच्या हालचालींनी आणि हातवाऱ्यांनी बोलत असू. पुढे कानाच्या डॉक्टरांनी तपासणी केली, तेव्हा कागदावरची रेघ 4000 हर्ट्झच्या आसपास विहिरीत उतरावी तशी खाली गेलेली दिसली. गोंगाटाने येणारे बहिरेपण प्रथम तेथेच प्रकट होते. अशा माणसाला बोलणे ऐकू येते, पण कळत नाही. कारण ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या वर्णांची ओळख वरच्या कंपनांत असते. नात ‘साखर’ म्हणाली की ‘भाकर’, हे आम्हांस तिच्या तोंडाकडे पाहून ठरवावे लागते.

आमच्या कचेरीत एक तरुण कार्यकर्ता येतो. कानांत बोंडे घालून तो गाणी ऐकत बसे आणि ती गाणी टेबलाच्या पलीकडे आम्हांलाही ऐकू येत. आमच्यासारख्या अर्ध्या बहिऱ्यास ऐकू येतात, म्हणजे आवाज किती असेल पाहा! आम्ही विचारले, तर म्हणाला, “दादा, बेसच न्हाई ह्याला. आवाज वाढीवला की मग कुठं घुमतंय.” आम्ही रागावणार होतो. पण मागणी नीट समजून घेतल्याशिवाय उत्तर देऊ नये, ही सवय चळवळीने लावली आहे. त्याची मागणी रास्त होती. मार्ग तेवढा चुकीचा होता.

माणसाचा कान साधारण 20 पासून 20,000 हर्ट्झपर्यंतची कंपने ऐकतो. त्यांतला सुमारे 250 पर्यंतचा तळचा भाग म्हणजे खर्ज. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे 69 हर्ट्झवर बोलते. डग्ग्याचा घुमारा, ढोलकीची धूम, यांचे राज्य याच तळघरात. आता निसर्गाची एक खोड पाहा. आवाज लहान केला की सगळे स्वर सारखे लहान होत नाहीत. खर्ज जास्त बुडतो. 1933 साली अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन यांनी हे मोजून दाखवले. आजच्या मोजणीप्रमाणे, 1000 हर्ट्झचा स्वर 40 डेसिबलवर जितका मोठा वाटतो, तितकाच मोठा वाटण्यास 100 हर्ट्झच्या स्वराला सुमारे 24 डेसिबल अधिक लागतात. तेच 80 डेसिबलच्या पातळीवर हा फरक सुमारे 12 उरतो. तात्पर्य, आवाज वाढवला की खर्ज जागा होतो, हा त्या पोराचा अनुभव खोटा नव्हता. पण खर्जासाठी तो साऱ्या कानाचे मोल देत होता.

मग करावे काय? पहिली गोष्ट फुकट आहे. गाणे चालू असताना हेडफोन बोटांनी कानांवर हलकेच दाबून पाहावेत. दाबताच खर्ज वाढला, तर दोष यंत्राचा नाही, बसण्याचा आहे. फट राहिली की खर्ज तिच्यातूनच निसटतो. फुटक्या घागरीत पाणी ओतून ती भरत नाही. बोंडांबरोबर लहानमोठी रबरी टोपणे येतात, ती एकेक लावून पाहावीत. दोन्ही कानांना एकच माप बसेल असेही नाही. आमच्या कार्यकर्त्याचे निम्मे गाऱ्हाणे येथेच मिटले. दुसरी गोष्ट बाहेरच्या गोंगाटाची. एस.टी.ची वा आगगाडीची घरघर स्वतःच खर्जाची असते आणि ती गाण्यातला खर्ज गिळते. म्हणून प्रवासात ऐकून हेडफोनची परीक्षा करू नये.

आता इक्वलायझर. हा शब्द आम्हांस आवडतो. समान करणारा, असा त्याचा अर्थ. लांबच्या टेलिफोन तारेतून जाताना वरची कंपने अधिक क्षीण होत, खालची कमी. ही विषमता दूर करण्यासाठी अभियंत्यांनी जी जुळणी बसवली, तिला हे नाव पडले. म्हणजे याचा जन्म चैनीसाठी नव्हे, तोल सावरण्यासाठी झाला. आज पुष्कळ फोनांत त्याचे पाच पट्टे दिसतात: 60, 230, 910, 3600 आणि 14,000 हर्ट्झ. प्रत्येकाला एक खुंटी. वर सरकवली की तो भाग वाढतो, खाली ओढली की घटतो.

नवखा मनुष्य काय करतो? 60 ची खुंटी धरतो आणि छताला टेकवतो. मग गाणे फाटते आणि तो हेडफोनला शिव्या देतो. पण फोनमधल्या ध्वनीला खरोखरच एक छत असते. हल्लीची बहुतेक गाणी मुळातच त्या छतापर्यंत भरलेली असतात. खर्ज 6 डेसिबलने वाढवला की त्याच्या लाटांची उंची दुप्पट होते, त्यांचे माथे छतास आपटून सपाट होतात, आणि त्यालाच आपण फाटणे म्हणतो. शिवाय तेवढ्या वाढीला वीजशक्ती चौपट लागते. लहानशा पडद्याकडून ती मेहनत झाली नाही, तर खर्जाऐवजी नुसती खरखर मिळते.

यास्तव उपाय उलटा करावा. खर्जाला वर ढकलू नये; बाकीच्यांस थोडे खाली आणावे. 60 ची खुंटी शून्यावर राहू द्यावी आणि उरलेल्या चार 4 डेसिबल खाली ओढाव्यात. तोल तोच साधतो आणि छत फुटत नाही. 230 ची खुंटी आणखी एखादा डेसिबल खाली न्यावी, कारण तेथे सूज आली की गाणारा गोधडीखालून गातो आहे असे वाटते. एवढे करून दहा मिनिटे ऐकावे. मग इक्वलायझर बंद करून, दोन्ही वेळी आवाज सारखाच मोठा वाटेल असा ठेवून, ताडून पाहावे. सारखा का? तर मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. सभेतही मोठ्याने बोलणाऱ्याचेच पटते! फरक पुरेसा वाटला नाही, तर एकेक डेसिबलने पुढे जावे. गाणाऱ्याचे शब्द दबू लागले की थांबावे.

त्या तरुणाने हे एका संध्याकाळी केले. खर्ज मिळाल्यावर आवाज मोठा करण्याचे कारणच उरले नाही, आणि तो आपण होऊन खाली आला. आता टेबलापलीकडे काही ऐकू येत नाही. मात्र तोल सुधारल्यावर पुन्हा आवाज चढवला, तर केलेले सारे पाण्यात.

मर्यादा किती, हेही सांगून ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्यास 80 डेसिबल आणि 40 तास हे माप सांगितले आहे. दर 3 डेसिबल वाढले की वेळ निम्मा: 83 ला 20 तास, 86 ला 10, 89 ला 5. कामाचे तास कमी करून घेण्यास कामगारांच्या कैक पिढ्या झगडल्या. कानाचे तास मात्र आपण अंगठ्याच्या एका हालचालीने गमावतो. आणि कारखान्यातल्या भावांस विनंती की यंत्राजवळ गाण्याचे हेडफोन लावू नयेत. ते कानाचे संरक्षण नव्हे. यंत्राच्या गोंगाटावर गाण्याचा गोंगाट चढतो आणि धोक्याची हाक ऐकू येत नाही. तेथे कर्णरक्षकच मागावेत, आणि न मिळाले तर संघटना कशासाठी आहे?

कानाच्या आत सुमारे 15 हजार सूक्ष्म केशपेशी आहेत. गेलेली नोकरी लढून परत मिळवलेली आम्ही पाहिली आहे. गेलेली केशपेशी परत येत नाही. तिच्यासाठी कोणत्याही न्यायालयात दाद नाही. आमच्या तरुणपणी आवाज कमी करण्याची खुंटी आमच्या हाती नव्हती. ती मालकाच्या हाती होती. आज ती प्रत्येक मुलाच्या खिशात आहे. खर्जाचा आनंद त्याने जरूर घ्यावा. पण उद्या त्याच्या नातीने साखर मागितली, तर तिच्या हातावर त्याने साखरच ठेवावी, भाकर नव्हे, एवढीच आमची इच्छा आहे.