यंत्राजवळचा हात
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात इंदूर येथे झालेले भाषण)



व्याख्यान देणे हा माझा प्रांत नव्हे. इंदूरच्या एका कापडगिरणीत मी फिटर होतो. ती गिरणी बंद पडून आता बरीच वर्षे झाली. तरी चिटणीसांनी 'कामावरचे अपघात' हा विषय दिला तेव्हा नाही म्हणवेना. त्या बाबतीत माझ्याकडे एक जुने देणे आहे.

कार्डिंग खाते ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेथे कापूस विंचरला जातो. कार्डाच्या पोटात मोठा, जड सिलिंडर असतो आणि त्याच्या अंगभर बारीक तारांचे दात. पट्टा सरकवला तरी तो आपल्या वजनाच्या जोरावर कित्येक मिनिटे फिरत राहतो. आवाज उतरतो आणि माणसाला वाटते, थांबला. म्हणून झाकणाला अशी खिट्टी असते की सिलिंडर पुरता थांबल्याखेरीज ते उघडूच नये.

ही खिट्टी म्हणजे उत्पादनाची वैरीण! दर सफाईला खोळंबा. आमच्याकडे एका कार्डाची खिट्टी झिजून अडकू लागली. जॉबर म्हणाले, "काढून ठेव, नवी आली की बसवू." मी काढली. महिने गेले. खरे म्हणजे नवी कोणी मागवलीच नव्हती, आणि मीही विचारले नाही. एका रात्रपाळीला माझ्याच वाड्यातल्या, माझ्याहून वडील अशा कामगाराचा उजवा हात आत गेला. तीन बोटे गेली. वीस वर्षे तेच काम केलेला माणूस.

चौकशीच्या कागदावर 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे लिहिले गेले. खाली साक्षीदार म्हणून सही माझी. कर्मचारी राज्य विमा योजनेतून त्यांना दरमहा पैसे सुरू झाले, ते कोणी अडवले नाहीत. पण वाड्यात ते निष्काळजी ठरले ते कायमचे. मला त्यांनी कधी काही विचारले नाही. दिवाळीला फराळाचे ताट त्यांच्या घरून येत राहिले. ते आता नाहीत. त्यांची मुले-नातवंडे येथे समोर बसली आहेत, म्हणून सांगतो. चूक त्यांची नव्हती.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या एकविसाव्या कलमात म्हटले होते की, यंत्राचे धोक्याचे भाग भक्कम झाकलेले असावेत आणि यंत्र चालू असताना ते झाकण जागेवरच असावे. माणसाने सावध राहावे, एवढ्यावर कायदा थांबला नाही. आमच्या गिरणीत 'सावधान'च्या पाट्या मात्र भरपूर होत्या. पाटी रंगवायला कितीसा खर्च येतो?

आज आपल्यापैकी कित्येकांची मुले पिथमपूर-देवासच्या कारखान्यांत आहेत; काहींची स्वतःची शेड आहे. तेथे पॉवर प्रेस असते. हल्ली तिला दोन बटणे बसवतात. दोन्ही हात बटणांवर असतील तरच ठोका पडावा, म्हणजे हात साच्यात राहायला नको. मग कोणी एक बटण पाचर मारून दाबून ठेवतो, नग जास्त निघावेत म्हणून. पाचर दिसली की मला ती खिट्टी आठवते. नगावर पैसे देणाऱ्याने त्या पोराला रागावण्याआधी ही पाचर इतके दिवस कोणी चालवून घेतली ते पाहावे. दुरुस्ती करायची तर मेन स्विच पाडून त्याला कुलूप घालावे आणि किल्ली, ज्याचा हात आत जाणार, त्याच्याच खिशात असावी. साहेबांच्या टेबलावर नव्हे.

घरच्या मंडळींनाही एक ठाऊक असावे. बोट तुटलेच तर जखम स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून हात वर धरावा. तुटलेले बोट ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये. जखमीबरोबरच ते रुग्णालयात न्यावे. पुष्कळदा जोडता येते. आमच्या वेळी ते केरात गेले.

ज्यांची शेड आहे त्यांनी उद्याच बटणे पाहून घ्यावीत. कळत नसेल तर मला बोलवा. स्कूटर डॉक्टरांनी बंद केली आहे, तेव्हा न्यायला कोणीतरी आले पाहिजे. फी म्हणून एक कप चहा, साखर कमी.