दमाचा हिशेब
(चंदगड येथे केलेल्या भाषणाचा सारांश)



शालेय शर्यतीत शिट्टी वाजताच मुले जीव खाऊन धावतात आणि निम्म्या वाटेवर पोट धरून बसतात. आपण त्यांना कमकुवत ठरवितो. वस्तुतः दम राखण्यास त्यांना कोणी शिकविलेलेच नसते.

आपल्या शेजारच्या बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले. ४२.७५ किलोमीटरचे अंतर त्यांनी सुमारे २ तास ५१ मिनिटांत कापून १९ वा क्रमांक मिळविला. किलोमीटरला सरासरी ४ मिनिटे! आरंभीच दम उधळणाऱ्यास हे साधत नाही.

अतिवेगाने स्नायूंतील साखरेचा साठा लवकर सरतो व धाप लागते. म्हणून सरावाच्या पहिल्या फेरीत मुलाला धावताना एक वाक्य सलग बोलता आले पाहिजे. चढावर पावले आखूड टाकावीत. वेग घटला तरी चालेल, श्वासाची लय मोडू नये. शिक्षकांनी प्रत्येक फेरीची वेळ नोंदवावी. शेवटची फेरी पहिलीइतक्याच वेळात झाली, तर पाठ साधला असे समजावे.

कडेने "पळ, पळ" असे ओरडण्याऐवजी आरंभी आपण "सावकाश" एवढेच म्हणावे. शर्यत पुरी केलेले मूल शेवटी आले, तरी पुढील वर्षी ते पुन्हा धावण्यास उभे राहील.